जेमी मॉयर: एकोणपन्नाशीतला हंगाम

[दृश्य: डेन्व्हरचं कूर्स फील्ड, संध्याकाळ. वरच्या गॅलरीत हिरव्या खुर्च्यांमधली जांभळ्या खुर्च्यांची रांग.]

या जांभळ्या खुर्च्या बघा. वरच्या गॅलरीत सगळीकडे हिरवा रंग आणि मधूनच ही एक रांग. इथे बसलेला माणूस समुद्रसपाटीपासून एक मैल उंचावर असतो. साधारण १,६०० मीटर. हवा विरळ. समुद्रकाठच्या शहरात जो फटका सीमेजवळ झेलला जाईल, तोच इथे गॅलरीत जाऊन पडतो. शिवाय हवेचा रेटा कमी, म्हणून पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, चेंडू वळतोही कमी. बेसबॉलमध्ये पिचर मंडळी ज्या मैदानाचा धसका घेतात, ते हे मैदान.

१७ एप्रिल २०१२. कोलोरॅडो रॉकीज विरुद्ध सॅन डिएगो पाद्रेज. मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, जेमी मॉयर उभा आहे. डावखुरा पिचर. वय ४९ वर्षं १५१ दिवस.

त्याच्याच संघातला दुसरा डावखुरा पिचर ड्रू पोमेरान्झ नोव्हेंबर १९८८ मध्ये जन्मला. तोवर मॉयरचे मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधले, तीन हंगाम खेळून झाले होते.

[दृश्य: पिचरचा हात, चेंडूवरची पकड, जवळून.]

मॉयरचा चेंडू किती वेगाने जायचा? त्या संध्याकाळी सगळ्यात वेगवान चेंडू ताशी ७९ मैल. म्हणजे १२७ किलोमीटर. त्या काळात मेजर लीगच्या पिचरचा वेगवान चेंडू सरासरी १४७ च्या आसपास जायचा. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सगळे तेज गोलंदाज आणि त्यांच्यात हा एक मध्यमगती.

आता ही पकड नीट बघा, कारण मॉयरचं सगळं पोटपाणी या पकडीवर चाललं. साधा वेगवान चेंडू बोटांच्या टोकांवर धरतात. चेंजअप टाकताना तोच चेंडू तळहातात खोल बसवतात. खांद्याची फेक तीच, हात तितक्याच जोरात येतो, पण बोटांची ताकद चेंडूला पूर्ण लागत नाही. माउंडपासून फलंदाजापर्यंतचं अंतर साडेअठरा मीटरही नाही. वेगवान चेंडू तिथे ०.४ सेकंदांत पोहोचतो. फलंदाजाने हात बघून बॅट फिरवायला घेतलेली असते आणि चेंडू अजून वाटेतच असतो. फटका लवकर होतो, बॅटच्या टोकाला लागतो, जमिनीवरून हळूच कुणाच्या तरी हातात जातो.

पण एवढ्यावर भागत नाही. संथ चेंडू चार बोटं चुकून मधोमध पडला, तर तो प्रेक्षकांत गेलाच म्हणून समजा. वेगवान पिचरची चूक वेगात झाकली जाते. मॉयरला ती सवलत कधीच नव्हती. त्याला प्रत्येक चेंडू कडेला, कोपऱ्यात टाकावा लागायचा. दर सामन्याला शंभराच्या आसपास चेंडू, आणि हे पंचवीस हंगाम.

[दृश्य: जुनी छायाचित्रं.]

सुरुवातीला तेही जमलं नव्हतं. १६ जून १९८६ ला शिकागो कब्जकडून तो पहिला सामना खेळला आणि जिंकला. समोर स्टीव्ह कार्लटन होता. फिलाडेल्फियाजवळच्या साउडर्टन गावात वाढलेल्या मॉयरच्या लहानपणी फिलीज संघाचा हाच तारा होता. यापेक्षा चांगलं पदार्पण काय असणार! पण पुढची पाच वर्षं उतरणीची. कब्जने दुसऱ्या संघाला दिला, टेक्सासने सोडला, सेंट लुइसने सोडला. १९९१ अखेर हिशेब होता ३४ विजय, ५४ पराभव. १९९२ मध्ये कब्जने पुन्हा सरावाला बोलावलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडलं. वर सुचवलं, आता कोच हो.

वय २९. तो नको म्हणाला. त्या वर्षी तो ओहायोतल्या टोलीडो शहरात मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवर, खेळला.

इथे मला आकडे सांगायचेच आहेत, कारण ते ऐकून मी स्वतः थबकलो होतो. तिशी उलटल्यावर या माणसाने २३५ सामने जिंकले. चाळिशीनंतर १०५. सिअ‍ॅटलकडून २००३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, एकाच हंगामात २१. लोक निवृत्तीची तारीख विचारायचे त्या वयात त्याचं सर्वोत्तम वर्ष आलं.

[दृश्य: फिलाडेल्फिया, पावसात मैदानावर टाकलेली ताडपत्री.]

१९८० मध्ये फिलीज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम फेरी, जिंकले, तेव्हा सतरा वर्षांचा मॉयर शाळा बुडवून विजयाची मिरवणूक बघायला गेला होता. २००८ मध्ये फिलीज पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले, आणि या वेळी तो त्यांच्या माउंडवर होता. पंचेचाळीस वर्षांचा.

तिसरा सामना. पावसामुळे पहिला चेंडू पडला रात्री दहानंतर. मॉयरचं पोट बिघडलेलं, अंगात त्राण नाही. तरी बेसबॉलच्या नऊ डावांपैकी सहा पूर्ण टाकले. सातव्या डावात समोरच्या टाम्पा संघाच्या कार्ल क्रॉफर्डने चेंडू हळूच पुढे ढकलला आणि तो धावत सुटला. क्रॉफर्ड म्हणजे वारा. मॉयर माउंडवरून धावला, जमिनीवर झेपावला आणि पडल्या पडल्या हातमोज्यातूनच चेंडू पहिल्या बेसकडे, म्हणजे क्रॉफर्डला जिथे पोहोचायचं होतं तिकडे, उडवला. तिथे उभ्या असलेल्या फिलीजच्या रायन हॉवर्डने तो उघड्या हाताने पकडला. क्रॉफर्ड बाद होता. पंचांनी नाबाद दिला. निर्णय चुकला होता, रिप्लेत स्वच्छ दिसतं. मॉयर उठला, अंगावरची माती झटकली. फिलीजने तो सामना ५-४ ने जिंकला, पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली.

जिंकल्यावर त्याने काय केलं, तर मैदानातल्या कामगारांच्या मदतीने माउंडवरची रबराची पट्टी उखडून काढली आणि घरी नेली. पिचर जिच्यावर पाय रोवून चेंडू टाकतो, ती पट्टी. मला त्याच्या सगळ्या कहाणीत ही गोष्ट फार आवडते. मिरवणूक बघायला आलेल्या पोराने अखेर मैदानाचा तुकडाच घरी आणला.

[दृश्य: कोपराची एक्स-रे पट्टी.]

२०१० च्या मे महिन्यात, ४७ व्या वर्षी, त्याने अटलांटाविरुद्ध पूर्ण सामना टाकला आणि एकही धाव दिली नाही. फलंदाजांचे यशस्वी फटके दोनच. जुलैत सेंट लुइसमध्ये कोपर दुखावलं. बरं वाटलं म्हणून हिवाळ्यात तो डोमिनिकन लीगमध्ये खेळायला गेला, आणि तिथे कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला.

यावरच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन म्हणतात. १९७४ मध्ये त्या नावाच्या पिचरवर डॉक्टर फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा केली. शरीरातला दुसरीकडचा स्नायुबंध काढून कोपरात बसवायचा. पुन्हा चेंडू टाकता यायला वर्ष तरी लागतं, विशीतल्या पोरालासुद्धा. डिसेंबर २०१० मध्ये मॉयरने ती करून घेतली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. २०११ चा अख्खा हंगाम गेला. २०१२ च्या सुरुवातीला रॉकीजने त्याला मायनर लीगचा करार दिला, म्हणजे संघात जागेची खात्री नाही. अ‍ॅरिझोनातल्या सराव शिबिरात मुलांच्या वयाच्या पोरांशी चढाओढ करून त्याने ती जागा मिळवली.

[दृश्य: पुन्हा कूर्स फील्ड.]

म्हणून १७ एप्रिल. आधीचे दोन सामने हरलेला. या तिसऱ्यात सात डाव, सहा फटके आणि दोन धावा. त्याही क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे आलेल्या, त्याच्या नावावर न लागलेल्या. रॉकीज ५-३. मेजर लीगमध्ये सामना जिंकणारा सर्वात वयस्क पिचर. आधीचा विक्रम जॅक क्विनचा, १९३२ मधला. ऐंशी वर्षं तो कुणी मोडला नव्हता, आणि मोडला गेला तो या विरळ हवेत, १२७ च्या वेगाने.

१६ मेला अ‍ॅरिझोनाविरुद्ध आणखी एक विजय. त्या दिवशी त्याने बॅटही चालवली. मैदानाच्या आतल्या भागातच राहिलेला बारीकसा फटका, पण त्यावर दोन धावा आल्या. एवढ्या वयात संघाला धाव मिळवून देणारा तो पहिलाच.

नंतर मात्र चेंडू कोपरे चुकायला लागले. दहा सामने, दोन विजय, पाच पराभव, अकरा होम रन, म्हणजे थेट सीमेपार गेलेले फटके. कारकिर्दीत त्याच्या चेंडूवर एकूण ५२२ होम रन बसले, कुठल्याही पिचरपेक्षा जास्त. मला यात कमीपणा वाटत नाही. एवढे होम रन खायला पंचवीस हंगाम माउंडवर टिकावं लागतं. मेच्या अखेरीस रॉकीजने त्याला संघातून वगळलं. २६९ विजयांवर आकडा थांबला.

तो थांबला नाही. बाल्टिमोरच्या मायनर संघाकडून व्हर्जिनियातल्या नॉर्फोकला गेला. तिथून टोरांटोच्या मायनर संघाकडे, लास व्हेगासला. टोलीडोनंतर बरोबर वीस वर्षांनी पुन्हा मायनर लीग.

[दृश्य: दुपार. रिकामी गॅलरी. एक पिचर सरावाचे चेंडू टाकतोय.]

मायनर लीगमध्ये प्रत्येक जण एकाच गोष्टीची वाट बघत असतो, वरून बोलावणं येण्याची. त्या उन्हाळ्यात त्या रांगेत बाविशीची पोरं होती आणि त्यांच्या शेजारी पन्नाशीला टेकलेला मॉयर. चेंडू तळहातात खोल बसवून तो कोपऱ्यात टाकत राहिला. बोलावणं आलं नाही.