सात जी आणि छत्तीस वर्षं

मित्रहो,

माझं लहानपण ओझरच्या टाउनशिपमध्ये गेलं. नाशिकजवळचा मिगचा कारखाना तो. बाबा तिथे तपासणी विभागात होते. विमान डोक्यावरून गेलं की आई बोलता बोलता थांबायची आणि आवाज विरला की तेच वाक्य पुढे चालू करायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. १९८८च्या सुमारास शेजारच्या काकांनी व्हीसीआर भाड्याने आणला आणि दहा-बारा जणांनी दाटीवाटीने बसून अमेरिकी नौदलाच्या लढाऊ वैमानिकांवरचा ‘टॉप गन’ पाहिला. कॅसेट इतकी घासलेली होती की निळं आकाश राखाडी दिसत होतं. शत्रूची काळी विमानं आली, कुणीतरी ‘मिग-२८’ म्हणालं, आणि बाबा सरसावून बसले. “हे मिग नाही. लढाऊ मिगला विषम आकडा असतो. एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस. अठ्ठावीस कुठून आणलं?”

बाबांचं बरोबर होतं. ती अमेरिकेचीच एफ-५ विमानं होती, काळा रंग फासलेली. पण हे सांगून झाल्यावरही बाबा उठले नाहीत. शेवटपर्यंत पाहत राहिले, नायकाचा जोडीदार गूस मेला तेव्हा चष्मा काढून पुसला. विमानाचं एकही खोटं ज्याच्या नजरेतून सुटत नाही अशा माणसाला चित्रपटाने नेमकं कशाने धरून ठेवलं? दुसरा भाग पाहिल्यावर मला या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं, आणि तेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पहिला ‘टॉप गन’ मे १९८६चा, दिग्दर्शक टोनी स्कॉट. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ आला मे २०२२ मध्ये, दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की. छायाचित्रण २०१८ मध्येच सुरू झालं होतं, पण प्रदर्शन पुढे ढकललं गेलं, मग करोना आला, आणि तयार चित्रपट दोन वर्षं डब्यात राहिला. तो थिएटरातच दाखवायचा हा हट्ट निर्मात्यांनी सोडला नाही. पहिला आला तेव्हा टॉम क्रूझ २३ वर्षांचा होता, दुसरा आला तेव्हा ५९.

आता वास्तवाचं बोलू. दुसऱ्या भागातली मोहीम, म्हणजे दरीतून खालून उडत जाऊन शत्रूचं युरेनियमचं केंद्र उडवणं, वास्तवाच्या कसोटीला उतरत नाही, हे आधीच कबूल करते. सुरुवातीला मॅव्हरिक, म्हणजे क्रूझने रंगवलेला वैमानिक, ध्वनीच्या दहापट वेगाने उडतो, विमान फुटतं, आणि तो चालत एका खानावळीत येतो. त्या वेगात विमानाबाहेर फेकलेला माणूस वाचत नाही. पुढे शत्रूची धावपट्टी क्रूझ क्षेपणास्त्रांनी उखडली जाते. मग त्याच क्षेपणास्त्रांनी डोंगरावरच्या विमानविरोधी बॅटऱ्या, म्हणजे विमानांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या यंत्रणा, का नाही उडवल्या? त्या उडवल्या असत्या तर दरीतून जीव मुठीत धरून जायची गरजच नव्हती, आणि चित्रपटही नव्हता.

आणखी एक प्रश्न. अमेरिकेच्या नौदलाकडे रडारला चकवणारं एफ-३५ असताना जुनं एफ-१८ का पाठवायचं? चित्रपट सांगतो, शत्रू जीपीएस जॅम करतोय. हे उत्तर पात्रांसाठी आहे. कॅमेऱ्यापुरतं पाहिलं तर एफ-३५ एकच माणूस बसण्याचं विमान आहे, त्यात नटाला बसवायचं कुठे? एफ-१८च्या दोन आसनी प्रकारात पुढे नौदलाचा वैमानिक बसतो आणि मागे नट. म्हणजे चेहरा खरा दिसावा, तर कथेतलं विमान तेच असायला हवं होतं.

हा चेहरा जरा जवळून पाहू.

पहिल्या वेळीही नटांना नौदलाच्या एफ-१४ या लढाऊ विमानातून वर नेलं होतं. पण त्यातलं बहुतेक चित्रण वापरण्याजोगं निघालं नाही. नट ओकत होते, डोळे फिरत होते. कॉकपिटमधले बहुतेक प्रसंग शेवटी जमिनीवर, हलणाऱ्या सांगाड्यात बसवून घ्यावे लागले. दुसऱ्या वेळी क्रूझने स्वतः नटांसाठी उड्डाणाचा अभ्यासक्रम आखला. आधी साधं सेस्ना, मग कसरतीचं एक्स्ट्रा ३००, मग एल-३९ जेट, आणि सगळ्यात शेवटी एफ-१८. कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे बसवले. वर गेल्यावर कॅमेरा चालू करणं, सूर्य कुठे आहे ते पाहणं, संवाद म्हणणं, सगळं नटाच्याच अंगावर. दिग्दर्शक जमिनीवर थांबलेला, विमान उतरल्यावर काय आलंय ते पाहणार आणि पुन्हा पाठवणार. असं सुमारे आठशे तासांचं चित्रण जमलं. क्रूझ स्वतः वैमानिक आहे, शेवटी दिसणारं पी-५१ मस्टँग हे जुनं विमान त्याच्या मालकीचं आहे, पण एफ-१८ त्याला नौदलाने चालवू दिलं नाही.

सात जी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन, सात जी म्हणजे त्याच्या सातपट. तुमचं डोकं आणि त्यावरचं हेल्मेट मिळून सात किलो धरा. वळणावर सात जीचा भार आला की त्याचे होतात जवळजवळ पन्नास किलो. सिमेंटची एक भरलेली गोणी मानेवर ठेवल्यासारखं. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, नजरेच्या कडा काळवंडत आत सरकतात. मांड्या आणि पोट आवळून, श्वास कोंडून, तुकड्या-तुकड्यांनी सोडत राहावं लागतं, नाहीतर शुद्ध जाते. आता पडद्यावर मोनिका बार्बारो किंवा माइल्स टेलर यांचे गाल पाहा. गाल खाली ओघळतात, खालची पापणी सुटते, ओठ बोलता बोलता वेडेवाकडे होतात. हा अभिनय नाही. कुठल्याही नटाला ठरवून हे करता येणार नाही. कथा हवी तेवढी उडू दे, तो चेहरा तिला जमिनीवर धरून ठेवतो.

या खरेपणाची किंमत पहिल्या चित्रपटाने आधीच मोजली होती, आणि ते विसरू नये असं मला फार वाटतं. सप्टेंबर १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आर्ट शोल नावाचे निष्णात कसरती वैमानिक कॅमेरा लावलेल्या छोट्या विमानातून गिरकीचं चित्रण करत होते. विमान गिरकीतून बाहेर आलं नाही, समुद्रात गेलं. आपण ज्या गिरकीत गूसला मरताना पाहिलं, तिच्यासाठी एक खरा माणूस गेला. तो चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

आता स्मरणरंजनाकडे येते. दुसऱ्या भागाची सुरुवात आठवा. तीच घंटेसारखी धून, तोच नारिंगी उजेड, विमानवाहू नौकेच्या डेकवर वाफेत हात हलवणारी माणसं, तेच गाणं. पहिली काही मिनिटं तर जुनाच चित्रपट नव्याने लावल्यासारखी वाटतात. मी थिएटरात होते, आणि माझ्या रांगेतले पन्नाशीतले दोघे अक्षरशः टाळ्या वाजवत होते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आठवण जागी करणं हा चांगला धंदा असेल, पण चांगली कलाही असू शकते.

पण एका ठिकाणी हा चित्रपट आठवणीच्या मागे जाताना आपलाच नियम मोडतो. शेवटाकडे मॅव्हरिक आणि गूसचा मुलगा रूस्टर शत्रूच्या तळावरून एफ-१४ पळवतात, पहिल्या भागातलं मॅव्हरिकचं विमान. हे विमान अमेरिकेच्या नौदलाने २००६ मध्ये निवृत्त केलं. शहाच्या काळात इराणने ते घेतलं होतं, १९७९च्या क्रांतीपूर्वी ७९ विमानं तिथे पोचली होती. सुटे भाग इराणच्या हाती लागू नयेत म्हणून अमेरिकेने आपली बरीचशी एफ-१४ चक्क यंत्रात घालून तुकडे केली. अमेरिकेत उडणारं एफ-१४ उरलंच नाही. म्हणजे बघा, एफ-१८ जीव तोडून खरं उडवलं, आणि ज्या विमानासाठी आमच्या पिढीच्या पोटात कालवाकालव होते, ते आकाशात संगणकाने काढावं लागलं. तिथे माझा श्वास अडकला नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण मानेवरची गोणी गेली होती.

दुसरी माझी तक्रार जास्त गंभीर आहे. शत्रूचं नाव नाही. युरेनियमचं केंद्र आहे, एफ-१४ आहेत, पण देश नाही, झेंडा नाही, एकही चेहरा नाही. शत्रूच्या वैमानिकाचं हेल्मेट काळं आणि बंद. पहिल्या चित्रपटातही असंच होतं. पण मधल्या छत्तीस वर्षांत इराक झालं, अफगाणिस्तान झालं, आणि त्याची सावलीही इथे पडत नाही. आपल्या माणसाच्या गालाची प्रत्येक सुरकुती दाखवणारा चित्रपट पलीकडच्या माणसाला चेहराच देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही मी या चित्रपटाच्या बाजूने उभी आहे, आणि ती एका प्रसंगामुळे.

व्हॅल किल्मर. पहिल्या भागातला आइसमन, दात वाजवत मॅव्हरिककडे पाहणारा देखणा पोरगा. मधल्या वर्षांत किल्मर यांना घशाचा कर्करोग झाला, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं, आवाज जवळजवळ गेला. कथेत हे लपवलं नाही. आइसमन आता अ‍ॅडमिरल आहे, आजारी आहे, गळ्याभोवती स्कार्फ आहे, आणि तो संगणकावर टाइप करून बोलतो. मॅव्हरिक बोलतो, उत्तर पडद्यावर अक्षर-अक्षर उमटतं. मग आइसमन उठतो आणि स्वतःच्या आवाजात चार वाक्यं बोलतो. आवाज किल्मर यांचाच, ऐकू यावा म्हणून थोडा साफ केलेला. आणि समोर क्रूझ रडतो.

इथे आठवण आणि वास्तव वेगळं काढताच येत नाही. आपण जो तरुण आठवतो आहोत त्याचंच शरीर समोर आहे, आणि त्याला जे झालं ते खरंच झालं आहे. सात जी गालाला जे करतो, तेच छत्तीस वर्षांनी इथे केलं आहे. १९८८ साली बाबा चष्मा पुसत बसले तेव्हा त्यांनीही विमान बाजूला ठेवून माणूसच पाहिला होता. एप्रिल २०२५ मध्ये किल्मर गेले. त्यानंतर मी हा प्रसंग पुन्हा पाहिला, तेव्हा तो आणखी जड झाला होता.

आता तो प्रसंगच दाखवते. मागचे दिवे घालवा, आणि आवाज थोडा वाढवा. ते फार हळू बोलतात.