ऑईल खाणारे इंजिन : उघडण्याआधी काय पाहावे

मित्रहो, गाडी ऑईल खाते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आपल्या भागात ‘इंजिन उतरवावे लागेल’ हे उत्तर फार लवकर मिळते. बेळगावात तसे सांगणे सोपेही आहे, कारण यंत्रकामाला उद्यमबागेची औद्योगिक वसाहत जवळच आहे. ऑईल कोणत्या वाटेने जळते आहे हे ठरल्याशिवाय मात्र हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, एकही बोल्ट सैल करू नये, असे माझे मत आहे.

आधी टॅपेट कव्हर, क्रँक सील आणि फिल्टरची बैठक कोरडी आहे ना ते पाहावे. गळणारे ऑईल जळणारे समजून खर्च केलेली उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरावे आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती लागते ते मापून लिहून ठेवावे. काही उत्पादक एवढ्या अंतराला अर्धा लिटर खप चालण्याजोगा मानतात, काही त्याहूनही अधिक. ही मर्यादा मला जरा उदारच वाटते.

धूर किती आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे अधिक बोलके असते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताना निळसर धुराचा एक लोट टाकला आणि नंतर ती स्वच्छ चालली, तर संशय व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलवर (व्हॉल्व्ह सील) घ्यावा, कारण हेडमधले ऑईल रात्रीतून गाईडवाटे, म्हणजे तो दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, खाली झिरपलेले असते. पेट्रोल गाडीत दुसरी खूण घाटात सापडते. चोर्ला घाट गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना हवेची झडप (थ्रॉटल) बंद असल्याने मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, जोराची ओढ निर्माण होते, सैल गाईडमधून ऑईल खेचले जाते, आणि खाली येऊन पुन्हा रेस दिली की मागे निळा धूर दिसतो. चढावर, जोर पडताना सतत धूर येत असेल तर पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) तपासावेत. डिझेल गाडीत बहुधा अशी ओढ नसते. तिथे टर्बोचे सील आणि इंटरकूलरच्या नळीत साचलेले ऑईल पाहावे. धूर दिसत नाही म्हणून निश्चिंतही राहू नये, कारण सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर झाकतो, आणि ऑईलमधल्या फॉस्फरसमुळे तो स्वतःच हळूहळू निकामी होत जातो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासताना आपले लोक हमखास फसतात. दाब कमी आला, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडल्यावर वाढला, तर रिंगा झिजल्या, हे खरे. परंतु दाब चांगला आला म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा; बोअरवरचे ऑईल खरवडते ती खालची ऑईल रिंग, आणि ती कार्बनने खाचेत चिकटून बसली तरी गेज उत्तमच आकडा दाखवतो. ऑईल बदलायला केलेला उशीर हे या चिकटण्याचे नेहमीचे कारण असते. बोअर झिजण्याचे कारण वेगळे: उसाच्या हंगामात निपाणी-चिक्कोडीकडच्या शेतरस्त्यांवर फाटक्या एअर फिल्टरने फिरणारी गाडी धूळ थेट सिलिंडरमध्ये ओढते.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्तातल्या भागापासून व्हावी. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढू देणारी झडप) उघडा अडकला असेल तर तेवढाच बदलून कधीकधी खप थांबतो. व्हॉल्व्ह सील तर अनेक इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात: पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑईल मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑईल ओतणे मात्र दुरुस्ती नव्हे. त्याने खप थोडा घटतो, पण थंड इंजिनात ऑईल वरपर्यंत उशिरा पोहोचते.

बोअरचे कामच निघाले, तर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे माप घेऊनच ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन ठरवावा. होनिंगनंतर, म्हणजे घासदगडाने बोअरवर बारीक रेघा पाडल्यावर, तो रॉकेलने पुसून भागत नाही. त्या जाळीदार रेघांत अडकलेली घासपूड साबणाच्या कोमट पाण्याने, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवावी आणि लगेच ऑईल लावावे, नाहीतर नव्या रिंगा पहिल्या काही दिवसांतच घासून निघतात.