जुनी आग, नवा ठणका

काकूंच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली, तेव्हा घरात सगळ्यांना एकच धास्ती होती: तिची दोन्ही तोंडं जुळली तर? शेजारणीने गेरू आणून दिला. खरं तर ती तोंडं सहसा जुळत नाहीत. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि पुन्हा उठतो तो बहुधा त्याच एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला. त्यावरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. काकू दवाखान्यात पोचल्या तोवर आठवडा उलटला होता.

खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. इजा झालेले मज्जातंतू कारण नसताना मेंदूला वेदनेचे निरोप धाडत राहतात. पंख्याचा वारा, पदराचा काठ, एवढंही पुरतं. काकूंनी सैल सुती ब्लाउज शिवून घेतलेत, शिवण बाहेरच्या अंगाला. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दुखण्यावर घरचेही फार दिवस विश्वास ठेवत नाहीत. या आजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट मला हीच वाटते.

या आगीवर काकू रात्री गॅबापेंटिन आणि अमिट्रिप्टिलिन घेतात. दोन्ही गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. एका रात्री बाथरूमला जायला उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोल सावरायला डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लेट बसवायचं ठरलं.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, जुनी आग दिसत नाही. म्हणून सुनेने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोळ्यांची पाकिटंच भूलतज्ज्ञांपुढे ठेवली. हे प्रत्येक घरात व्हायला हवं. या गोळ्या परस्पर एकदम बंद केल्या तर त्रास उफाळतो. चालू आहेत हे न सांगता वर ट्रामाडॉलसारखं जोरदार वेदनाशामक दिलं गेलं, तर गुंगी वाढून श्वास मंदावण्याचा धोका असतो. ऑपरेशनआधीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हेही भूलतज्ज्ञांनीच ठरवलं. पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर केला. छातीवरचे इसीजीचे स्टिकर त्या पट्ट्यापासून दूर लावले.

खरी अडचण आली ती ऑपरेशननंतर. मोडलेला हात गळ्यात अडकवायची झोळी नेमकी डाव्या बरगडीवर टेकते. प्लास्टरचं वजन, कापडाचं घासणं. पहिल्या रात्री काकू रडल्या त्या मनगटासाठी नव्हे. सकाळी डॉक्टरांना विचारून झोळी काढली, हात उशीवर उंच ठेवला, मग कुठे डोळा लागला.

नर्सने "दुखतंय का?" विचारलं की काकू आधी सांगायच्या, कुठलं. मनगटाचा ठणका पॅरासिटामॉलने उतरतो. बरगडीची आग त्याने हटत नाही, तिला तिचीच गोळी लागते. एकाचं औषध दुसऱ्यावर वाढवत नेलं, तर पॅरासिटामॉल जास्त होऊन यकृत बिघडायची भीती, आणि दुखणं जागच्या जागी.

आता बोटांचे व्यायाम चालू आहेत. दुखेल म्हणून हात जपत बसलं तर बोटं आखडतात. शिवाय मनगट मोडल्यावर काहींच्या हातालाच नवी मज्जातंतूवेदना जडते: हात सुजतो, रंग पालटतो, स्पर्श सोसवत नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींमध्ये अशाच आगीची नोंद सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८६४ साली केली होती. ते सैनिक हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. जी बाई आधीच एक आग सोसते आहे, ती दुसरीकडेही "असंच असतं" म्हणून गप्प बसण्याची शक्यता फार. म्हणून सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय: सूज वाढली, रंग बदलला, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.