आधी पेलाभर पाणी, मग फवारणीचा पंप

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या केंद्रावरून पिकांच्या रोगांबद्दल बोलायचं म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, इथे शेती आहेच कुठे? ती लोकलच्या रुळांकडेला आहे, पालक-माठाच्या वाफ्यांत. वसई-पालघरच्या पानवेलींत आहे. आणि लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंत ती फोनवर आहे. माणगाव, रोहा, महाड, कुठेतरी भाताची चार खाचरं असतात, भाऊ किंवा काका ती बघतात, आणि श्रावणात निरोप येतो : "भात करपलंय. फोटो टाकलाय. येताना औषध घेऊन ये."

माझं म्हणणं एवढंच, की फोटो बघून औषध घेऊ नका. भात पिवळं पडायला कारणं बरीच. नत्र कमी पडलं तरी पिवळं, खोडकिडा लागला तरी पिवळं. करपासुद्धा दोन जातीचा. बुरशीच्या करप्यात पानावर चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते आणि मध्ये राखाडी असे ठिपके येतात. जिवाणूच्या करप्याला आपण कडा करपा म्हणतो. तो शेंड्याकडून, पानाच्या कडेकडेने खाली उतरतो, नागमोडी पिवळी पट्टी काढत, आणि मधली शीर बरेच दिवस हिरवी राहते. तरी शंका राहिलीच, तर काचेचा पेला घ्या. त्यात नितळ पाणी. जिथे पिवळं आणि हिरवं मिळतं तिथून पानाचा बोटभर तुकडा कात्रीने कापा, कापलेलं टोक पाण्यात बुडवून धरा आणि पेला उजेडाकडे करा. हात हलवू नका. थोड्या वेळात त्या टोकातून दुधट धार खाली उतरू लागते. ते जिवाणू असतात, लाखोंनी. बुरशीच्या रोगात ही धार येत नाही. वांगी-टोमॅटोचं झाड हिरवंगार असतानाच एकाएकी माना टाकतं, त्या मर रोगातही हीच परीक्षा चालते. फक्त पानाऐवजी जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा घ्यायचा.

हा कडा करपा परका नाही बरं का. भारतात त्याची पहिली नोंद 1951 सालची, आणि ती कुलाबा जिल्ह्यातली. म्हणजे आजच्या रायगडातली. पुढे 1963 मध्ये बिहारात त्याने मोठा हाहाकार केला, पण पहिला पत्ता आपलाच.

आता जिवाणूची एक दुबळी बाजू लक्षात घ्या. बुरशी पानाची साल भेदून आत घुसू शकते. जिवाणूला ते जमत नाही, त्याला उघडं दार लागतं. पानाच्या कडेची पाणी सोडणारी सूक्ष्म छिद्रं, वादळात फाटलेलं पान, उपटताना तुटलेली मुळं. आणि काही दारं आपणच उघडून देतो. रोपं फार वाढली म्हणून लावणीच्या वेळी मुठीचे शेंडे विळ्याने छाटायचे, ही त्यातली सर्वांत वाईट सवय. एकाच विळ्याने शेकडो ताज्या जखमा! युरिया एकदम ओतला की पान लुसलुशीत होतं आणि रोगाला मेजवानी मिळते, म्हणून तो हप्त्याहप्त्याने द्यायचा. रोग दिसल्यावर तर उरलेला हप्ता थांबवायचाच. खाचरातलं पाणी काही दिवस काढून टाकायचं, पण ते शेजारच्या निरोगी खाचरात नाही. पीक ओलं असताना त्यात फिरायचं नाही. आणि त्या शेतातलं भात पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवायचं नाही. जात निवडताना आपल्या भागासाठी कडा करप्याला दाद न देणारी कोणती आहे, ते कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारा. एकात्मिक व्यवस्थापन हे भारदस्त नाव या असल्या साध्या कामांनाच दिलेलं आहे.

औषधाचं काय? जिवाणू पानाच्या शिरांत शिरला की फवारून तो बाहेर काढता येत नाही. दुकानात तरीही पुडी हातावर ठेवली जाते, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची. यातलं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं आणि क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध ठरलं. जुन्या चाळींत त्याच्या सुया घेतलेली माणसं अजून भेटतात. औषधांना न जुमानणारा टीबी ज्या शहराने जवळून पाहिला, त्या शहरातल्या माणसाने हीच पुडी पिशवीत घालून गावी न्यावी, हे मला काही पटत नाही. शेतातले जिवाणूही या औषधांना सरावतात. शेतीतला त्यांचा वापर बंद करण्याच्या दिशेने केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये पाऊल उचललं, ते उगाच नव्हे.

डाळिंबवाल्यांची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे झाड वर्षानुवर्षं उभं असतं. वाशीच्या बाजारात तेलकट काळे डाग पडून तडकलेली डाळिंबं तुम्ही पाहिली असतील. तो तेल्या. माणसाला त्याने काही होत नाही, पण तडकलेलं फळ घेऊ नका, आत कूज शिरलेली असते. तेल्याचा जिवाणू फांद्यांवरच्या जखमांत आणि गळालेल्या पानांत तग धरतो. म्हणून तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्यायची, रोगट फांद्या छाटून जाळायच्या, खाली पडलेली पानं वेचायची आणि प्रत्येक झाडानंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवायचा. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे, मजूर तो टाळतात आणि तिथेच सगळं फिसकटतं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला धरलेल्या फुलोऱ्याची, फळं भर पावसात वाढतात. जिथे तेल्या मुरलाय तिथे पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरणं शहाणपणाचं.

छाटणीनंतर बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, लोखंडी पिंप नको. मग एकत्र ओतत लाकडी काठीने ढवळा. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. आणि ते त्याच दिवशी संपवा. बोर्डो रोग बरा करत नाही, पानावर बसून जिवाणूला आत जाऊ देत नाही.

ज्यांची शेती गॅलरीतल्या कुंडीएवढीच आहे त्यांनाही थोडं. कागदी लिंबाच्या पानांवर खरखरीत, पिवळ्या कड्याचे तपकिरी फोड दिसतात, तो खैऱ्या. पानात नागमोडी रेघा काढणारी अळी त्याला वाट करून देते, म्हणून आधी तिचा बंदोबस्त. पाणी बुडाशी घाला, पानांवर शिंपडू नका. रोगट डहाळ्या कोरड्या दिवशी कापा, कात्री धुऊन ठेवा. कापलेला पाला कुंडीच्या खतात टाकू नका आणि त्या झाडाची गुटी शेजारी कितीही मागू देत, या वर्षी देऊ नका.