झोळ पडलेली सीट

व्हीलचेअरची देखभाल म्हटलं की आपण चाकांतली हवा, ब्रेक, बेअरिंग यांच्याबद्दल बोलतो. ज्यावर माणूस दिवसभर बसतो ते कापड आणि ज्यावर हात टेकतो तो पॅड मात्र ‘चालतंय अजून’ म्हणत तसेच राहतात. फाटल्यावर बदलू, असा हिशेब असतो. पण सीटचं कापड फाटायच्या कितीतरी आधीच निकामी झालेलं असतं, आणि आज मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

या खुर्चीला कापडी सीट आली ती घडीसाठी. १९३०च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी खाली फुलीसारखे दांडे असलेली, मोटारीत मावणारी खुर्ची बनवली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात जायबंदी झाले होते, स्वतः खुर्ची वापरत होते. फ्रेम मिटायची तर सीटही मिटली पाहिजे, म्हणून दोन नळ्यांमध्ये कापड ताणलं गेलं. आणि ताणलेलं कापड आज ना उद्या सैल पडतंच.

त्याची झोळी झाली की मांड्या आत वळतात, गुडघे एकमेकांना घासतात, कंबर एका बाजूला कलते आणि तोल सावरता सावरता पाठीला बाक येतो. भार एकाच बाजूच्या हाडावर किंवा माकडहाडावर पडत राहतो आणि तिथे बेडसोर होतात. कमरेखाली संवेदना नसेल तर जखम होईपर्यंत काही कळतही नाही. म्हणून ‘झोळ आहे, पण मऊ लागतं’ असं कुणी म्हणालं की मला खरोखर काळजी वाटते.

घरी तपासणं सोपं आहे. कुशन काढा, दोन्ही नळ्यांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खाली पाहा. रिकाम्या खुर्चीतही पट्टीखाली खळगा दिसत असेल तर कापड गेलं असं समजा. स्क्रूची भोकं लांबट झाली आहेत का, कडेची शिवण उसवली आहे का, तेही बघा. वर जाड कुशन टाकून भागवू नका; तेही खालच्या झोळाचाच आकार घेतं.

नवं कापड मागवताना जुन्याचं माप घेऊ नका, ते ताणून वाढलेलं असतं. खुर्ची पूर्ण उघडून नळ्यांवरच्या भोकांचं अंतर मोजा. सोफ्याचं रेक्झिन दिसायला तसंच असतं, पण त्याने काम उरकू नका. व्हीलचेअरच्या सीटचं कापड आणि फोम सहज पेट घेणारे नसावेत. आयएसओ ७१७६ या मानकाचा १६वा भाग त्यासाठीच आहे. पाठीचं कापडही त्याच वेळी पाहून घ्या.

कापड बदलल्यावर खुर्ची उघडायला घट्ट जाते. तेव्हा नळीला बोटांचा विळखा घालू नका, नळी खाली बसताना बोटं चेंगरतात. तळहात नळीवर, बोटं आत सीटकडे, आणि वरून दाबायचं.

आर्मरेस्टचं थोडक्यात सांगतो. रेक्झिनला चिरा गेल्या की आतल्या फोममध्ये घाम मुरतो, मग वरून कितीही पुसा, स्वच्छ होत नाही. चिरलेली कड कोपराची कातडी सोलते. पुसायला सौम्य साबण-पाणी पुरे. स्पिरिट वारंवार लावलं तर रेक्झिन कडक होऊन तडकतं. पॅड बहुधा खालून दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. नव्या पॅडला जुन्याच लांबीचे स्क्रू वापरा, लांब स्क्रूचं टोक पॅडमधून वर येतं. आणि बसवल्यावर हलवून बघा. बरेच जण दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला सीटवरून उचलतात, तेव्हा सगळं वजन या दोन पॅडांवर असतं. काढता येणारा आर्मरेस्ट असेल तर त्याला धरून खुर्ची कधीच उचलू नका.

एक काम हमखास राहून जातं. झोळ गेला की माणूस दोन-तीन सेंटिमीटर वर बसतो. पाय फूटप्लेटवर नीट टेकत नाहीत आणि मांडीखाली सीटची पुढची कड रुतते, म्हणून फूटप्लेट तेवढ्या वर घ्या. आर्मरेस्टही आता खाली वाटेल. खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात ठेवून बसायला सांगा. खांदा न उचलता आणि बाजूला न झुकता हात टेकेल, एवढी उंची ठेवा.