त्वचेचा कर्करोग पुन्हा का होतो?

श्रोतेहो, नमस्कार. नाकाजवळची गाठ काढून वर्ष-दोन वर्षे होतात न होतात, तोच तिथे पुन्हा खपली धरते किंवा कानामागे दुसरीच गाठ येते, आणि घरातली मंडळी म्हणतात, ‘सुरी लागली म्हणून तो पसरला.’ ठाण्यात, नवी मुंबईत हे मी नेहमी ऐकतो. वस्तुतः एकाच जागी परत येणे आणि दुसऱ्या जागी नव्याने होणे हे दोन वेगळे प्रकार आहेत.

त्याच जागी आलेला आजार बहुधा राहून गेलेल्या पेशींचा असतो. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या कर्करोगाचा प्रकार इतर अवयवांत क्वचितच जातो, पण कातडीखाली दिसतो त्याहून दूरवर पसरलेला असू शकतो. लहान, कमी जोखमीची गाठ सुमारे ४ मिलिमीटर निरोगी कातडीसह काढली जाते; मात्र नाकावर किंवा पापणीवर तेवढी कातडी देणे परवडत नाही, आणि परत आलेल्या गाठीची कड तर जुन्या व्रणात ओळखूच येत नाही. अशा वेळी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली पद्धत उपयोगी पडते : एक पातळ थर काढायचा, त्याची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, आणि जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच ठिकाणचा पुढचा थर घ्यायचा. ही सोय सर्वत्र नसते. तेव्हा कडांचा अहवाल येईपर्यंत जखम कायमची न झाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अनेक जागी गाठी येतात तेव्हा दोष कातडीतच असतो : वर्षानुवर्षांचे ऊन, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, किंवा उन्हाने झालेली इजा कातडीला भरून काढता येत नाही असा झेरोडर्मा पिगमेंटोझमसारखा जन्मजात आजार. आपल्या सावळ्या वर्णाला मेलॅनिनचे संरक्षण आहे खरे, तरी भाजल्याच्या जुन्या, न भरणाऱ्या व्रणात स्क्वॅमस सेल हा त्वचेचा दुसरा कर्करोग होतो, आणि तो लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो.

अशा रुग्णात जखम झाकण्यासाठी शल्यचिकित्सकाला कातडी काटकसरीने वापरावी लागते. कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची पद्धत आपलीच. पुण्यातील अशा एका शस्त्रक्रियेची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापली गेली होती. परंतु ती कातडी आज लहान गाठीसाठी खर्च केली, तर उद्याच्या मोठ्या गाठीसाठी काय उरणार? म्हणून गाठ लहान असतानाच, जागा बधिर करून ती काढलेली बरी.

खारघरच्या टाटा केंद्रात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायला जाताना केवळ अहवाल नेऊ नका; पहिल्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळाही मागून घ्या.