फ्यूज उडतोय म्हणून जाड तार बांधू नका

नमस्कार मंडळी. आज जुन्या घरांच्या वायरिंगबद्दल बोलू या. म्हणजे अशी घरं, ज्यांना तीन-चारदा रंग लागला, टाइल्स बदलल्या, स्विचसुद्धा नवे चकचकीत आले, पण भिंतीच्या आतली तार मात्र बांधकामाच्या वेळचीच.

ती तार टाकली तेव्हा घरात होतं काय? चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ, फार तर इस्त्री. आता त्याच तारेवर एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. एलईडी आल्यापासून दिव्यांचा लोड कमी झालाय हे खरं, पण गरम करणाऱ्या वस्तूंची भूक काही कमी झालेली नाही. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याच लाईनवर 1000 वॉटची इस्त्री लावली की झाले 13. आणि करंट दुप्पट झाला की तारेत तयार होणारी उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, हे लक्षात घ्या.

मग फ्यूज उडायला लागतो, आणि आपण काय करतो, तर चिनी मातीच्या त्या फ्यूजमध्ये दोन-तीन पदरी तार पिळून बांधतो, आणि खूश, कारण आता उडत नाही. अहो, उडणारच नाही! फ्यूज तुमच्या गीझरला वाचवायला नसतोच मुळी, तो भिंतीतल्या तारेला वाचवायला असतो. फ्यूजची तार जाड केली की आता आधी वितळणार ती भिंतीतली. एमसीबीचंही (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) तेच, 16 अँपिअरची सारखी पडते म्हणून 32 ची बसवून देणारे वायरमन आहेत, तार तीच ठेवून, आणि माझ्या मते हे जुन्या घरातलं सगळ्यात वाईट काम आहे. एमसीबीवरचा आकडा तारेच्या ताकदीपेक्षा कमीच पाहिजे. साधारणपणे दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम आणि 6 किंवा 10 ची एमसीबी, पॉवर सॉकेटला अडीच आणि 16 ची, एसीला चारची तार. अर्थात एका पाईपमध्ये किती तारा कोंबल्यात त्यावरही ते ठरतं.

पण एमसीबीला एक गोष्ट कळत नाही, लूज कनेक्शन. करंट जास्त नाही ना, मग ती गप्प बसते, आणि इकडे सैल स्क्रूखाली बारीक स्पार्किंग चालू, त्यातून उष्णता, उष्णतेने स्क्रू आणखी सैल. ॲल्युमिनियमची तार असेल तर जास्तच, कारण ती स्क्रूखाली हळूहळू दबत जाते आणि तिच्यावर जो ऑक्साइडचा थर येतो त्यातून करंट नीट जात नाही. तांब्याची तार तिला नुसती पिळून जोडली असेल तर तो सांधा बिघडणारच. हे ओळखायचं कसं? बोर्ड हाताला कोमट लागतो, प्लग घालायच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसतो, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो आणि जातो, आपण म्हणतो शेजारून आला असेल. नाही, आधी आपला बोर्ड बघा, तोही मेन स्विच बंद करून.

आता अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी तार. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका, जुन्या घरात वरच्या मोठ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. आणि याहून भयंकर म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ एका तुकड्याने जोडून दिलेलं असतं. टेस्टरला काही कळत नाही, सगळं छान चालतं, पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिजच्या पत्र्यात सरळ फेज, म्हणजे जिवंत करंट, येईल. पूर्वी नळाच्या लोखंडी पाईपला अर्थ बांधायचे, आता मधला पाईप प्लास्टिकचा झाला, मग ती अर्थिंग कुठे जाते? कुठेच नाही.

आरसीसीबी मात्र प्रत्येक जुन्या घरात पाहिजेच, एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करा असं मी म्हणेन. ती फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांचा ताळा बघत बसते, 30 मिलीअँपिअरपर्यंत फरक पडला की लाईन तोडते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. अर्थिंग नसलं तरी ती काम करते, फक्त मग शॉक बसायला सुरुवात झाल्यावर तोडते, अर्थिंग असलं तर कुणी हात लावायच्या आधीच. पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तिला काही कळणार नाही, आणि ओव्हरलोडही ती बघत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळी हवीच. तिच्यावर टेस्टचं बटन असतं, ते अधूनमधून दाबा, पडली नाही तर बदला.

एक अडचण सांगून ठेवतो. जुन्या घरात ती बसवली की बरेचदा लगेच पडायला लागते, कारण कुणीतरी कधीतरी या खोलीचा न्यूट्रल त्या खोलीच्या लाईनला जोडलेला असतो, किंवा तारेचं रबर इतकं कडक झालंय की हात लावला तर भुगा पडतो आणि ओलीत लीकेज होतं. अशा वेळी 'साहेब, ही खराब आहे, बायपास करतो' असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका. ती बरोबर सांगतेय, दोष शोधायला लावा.

मग काम कुठून सुरू करायचं? लायसन्सवाल्या माणसाकडून मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण तपासायचं मीटर, लावून घ्या, 500 व्होल्टला इन्सुलेशन (म्हणजे तेच आवरण) एक मेगाओहमच्या वर पाहिजे, आणि त्याआधी टीव्ही-कंप्युटरचे प्लग काढा. बल्बचे स्विच फेजमध्ये आहेत का तेही बघायला सांगा, न्यूट्रलमध्ये असले तर दिवा बंद असूनही होल्डर जिवंत असतो, आणि बल्ब बदलणारा स्टुलावर उभा! इन्सुलेशन गेलं असेल तर सगळीच तार बदला, तुकडे जोडू नका. एसी आणि गीझरला थेट डीबीपासून (सगळ्या एमसीबी असतात तो डबा) वेगळी लाईन घ्या, डीबीत प्रत्येक एमसीबीखाली कुठली खोली ते लिहून घ्या, आणि प्लास्टर भरायच्या आधी पाईप कुठून कुठे गेलेत त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे भिंतीत ड्रिल मारताना ते लागतात.